काकांचा गुडघा

मोठ्या चादरीची घडी एकट्या माणसाला घालता येत नाही. चार टोकं, चार हात, दोन माणसं. समोरासमोर उभं राहायचं, ताणायची, झटकायची, मग एकमेकांच्या दिशेनं चालत येऊन टोकाला टोक मिळवायचं, एकानं खालची दुमड उचलायची आणि पुन्हा मागं सरायचं. काका आणि काकू हे सव्वीस वर्षं करत आले होते. त्यांच्या लाँड्रीत दोन हॉटेलांच्या आणि एका वसतिगृहाच्या चादरी येत, दिवसाला दीड-दोनशे. एकमेकांकडे इतकी पावलं चालून आलेली नवरा-बायको दुसरी शोधून सापडणार नाहीत. देवानंही जोडी लावताना हा धंदा डोळ्यांसमोर ठेवला असावा, कारण दोघांची उंची एकसारखी होती.

या कामात एक रीत पडून गेली होती. आठ-नऊ चादरी झाल्या की काका थांबायचे. "आई गं, गुडघा!" म्हणत भिंतीजवळच्या बाकावर टेकायचे.

"झालं यांचं सुरू," काकू म्हणायच्या आणि हातातली चादर छातीशी धरून त्याही शेजारी बसायच्या. करणार काय? एकटीनं घडी कशी घालायची? मिनिट-दोन मिनिटांनी काका गुडघ्यावर थाप मारून उठत, की पुन्हा आठ-नऊ चादरी.

इस्त्रीवर काम करणाऱ्या मावशी फार वर्षं त्यांच्याकडे होत्या. त्या इस्त्री न थांबवता म्हणायच्या, "लोकांचे गुडघे थंडीत दुखतात. आमच्या काकांचा गुडघा चादरी मोजून दुखतो."

घर लाँड्रीच्या वरच, दुसऱ्या मजल्यावर. जिन्यात काकांचे दोन थांबे ठरलेले. पहिल्या वळणावर त्यांना खिशातली किल्ली सापडत नसे आणि दुसऱ्या वळणावर खिडकीतून बाहेर काहीतरी दिसे. "ती बघ, कुणाची मांजर?" काकू बघायच्या. मांजर बहुतेक वेळा नसायचीच.

गेल्या दोन महिन्यांत मात्र काकांचा गुडघा वाढला. आठ चादरींवरून पाचवर आला, पाचावरून तीनवर. जिन्यात दोनाचे चार थांबे झाले. एकदा तर भर बाजारात ते एका बंद दुकानाच्या पायरीवर बसले आणि काकूंचा हात धरून त्यांनाही बसवलं. तिथे काकूंनी त्यांना गाठलंच.

"खरं सांगा. छातीत दुखतं का?"

"गुडघा गं."

"गुडघा दुखणारा माणूस गुडघ्याकडे बघतो. तुम्ही माझ्या तोंडाकडे बघत होतात."

घरी येऊन काकूंनी परगावच्या लेकीला फोन लावला. "तुझ्या बाबांना हृदयाचं काहीतरी आहे आणि ते लपवताहेत." लेकीनं तासाभरात मोठ्या दवाखान्यात वेळ घेऊन दिली. काका नको-नको म्हणत होते. काकूंनी त्यांचा चांगला शर्ट काढून ठेवला आणि म्हणाल्या, "शर्ट तुम्ही घालताय की मी घालू?"

हृदयाची डॉक्टरीण वयानं त्यांच्या लेकीपेक्षा थोडीच मोठी होती. तिनं काकांच्या छातीला तारा लावून त्यांना ट्रेडमिलवर चढवलं. पट्टा सरकू लागला, वेग वाढला, चढ वाढला. काका चालताहेत. नऊ मिनिटं झाली, दहा झाली. मशीनवरचा माणूस म्हणाला, "काका, दम लागला की सांगा हं." काका म्हणाले, "हो, हो, सांगतो की," आणि चालतच राहिले. शेवटी त्या माणसानंच कंटाळून मशीन बंद केलं.

डॉक्टरीणबाईंनी कागद पाहिला, काकांचे दोन्ही गुडघे दाबून, वाकवून पाहिले आणि खुर्चीत मागं टेकल्या. "काका, हृदय ठणठणीत आहे. गुडघे माझ्यापेक्षा बरे आहेत. मग तुम्ही थांबता कशासाठी?"

काकूंच्या चेहऱ्यावर आधी हायसं वाटलेलं दिसलं. मग भुवया वर गेल्या. "बोला की आता."

काका जमिनीकडे बघत पुटपुटले, "हिला जरा बाहेर..."

"मी कुठेही जाणार नाही."

"ती दमते म्हणून," काका म्हणाले.

काकू हसल्या. "मी? मी कधी दमले? विचारा यांना, सव्वीस वर्षांत एकदा तरी बसते का म्हटलं मी?"

हे मात्र खरं होतं. त्यांना म्हणावं लागायच्या आत काका बसलेले असायचे.

मग काकांनी सांगितलं. लग्नाला दोन महिने झाले असतील तेव्हाची गोष्ट. घड्या घालता घालता काकांनी पाहिलं, समोरच्या नव्या नवरीचे ओठ पांढरे पडले आहेत आणि एक हात छातीवर गेला आहे. त्यांनी साधंच विचारलं, "दमलीस का?" तिनं चादर खाली टाकली, वर निघून गेली आणि तीन दिवस बोलली नाही. चौथ्या दिवशी समजलं. माहेरी तिला 'गोणी' म्हणत. ठेवली की ठेवली, जागची हलत नाही ती गोणी. हे नाव थोरल्या भावानं ठेवलं, आईनं चालवलं. शाळेत खेळाच्या बाईंनी तिला शर्यतीच्या वेळी सगळ्या वर्गासमोर उभं केलं होतं, आळस कसा दिसतो ते मुलींनी पाहावं म्हणून. सासरी आल्यावर हा शब्द पुन्हा कानावर येऊ द्यायचा नाही असं तिनं ठरवलं होतं. काकांना हे कळलं आणि त्याच दिवसापासून त्यांचा गुडघा दुखू लागला.

डॉक्टरीणबाईंनी हे सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "काकू, आलाच आहात तर जरा या पलंगावर बसा."

त्यांनी स्टेथोस्कोप लावला. सरकवला, पुन्हा लावला. डोळे मिटून बराच वेळ ऐकत राहिल्या. "असा आवाज आहे असं पूर्वी कुणी सांगितलं होतं?"

"लेकीच्या वेळी एक डॉक्टर म्हणाले होते, थोडा आवाज आहे, घाबरू नका. म्हणून नाही घाबरले."

मग ईसीजी, इको आणि दोन दिवसांनी सीटी स्कॅन. त्यात जे दिसलं ते डॉक्टरीणबाईंनी कागदावर काढून दाखवलं. हृदय सगळ्या अंगाला रक्त देतं, पण त्याला स्वतःलाही रक्त लागतं. त्यासाठी दोन वाहिन्या असतात, उजवी आणि डावी. दोन्ही महारोहिणीतून, म्हणजे हृदयातून निघणाऱ्या मुख्य वाहिनीतून निघतात, शुद्ध रक्त घेऊन. काकूंची डावी वाहिनी जन्मापासून भलत्याच ठिकाणी उगवलेली होती. फुफ्फुसाकडे वापरलेलं रक्त नेणारी जी मोठी वाहिनी, तिच्यातून.

"अशी बाळं फार क्वचित जन्मतात आणि बहुतेक पहिला वाढदिवस बघत नाहीत," त्या म्हणाल्या. "तुम्ही एकोणपन्नास."

"मग कशी काय जगले मी?"

"हिच्यामुळे." डॉक्टरीणबाईंनी उजव्या वाहिनीवर पेन टेकवलं. "ही वाढून दुप्पट झाली. हिनं बारीक बारीक फांद्या काढल्या, डावीकडे पाठवल्या आणि दोघींचं काम एकटीनं केलं. तरी त्यातलं बरंचसं रक्त उलटं वाहून त्या चुकीच्या दारातून निघून जातं. श्रम पडले की डावी बाजू उपाशी राहते."

काका कागदाकडे बघतच राहिले. देवाच्या हातून एक नळी इकडची तिकडे लागली खरी. पण चूक झाल्याबरोबर त्यानं शेजारणीच्या कानात सांगूनही ठेवलं होतं, हिच्याकडे लक्ष दे म्हणून. आणि ती बिचारी कुणालाही न सांगता एकोणपन्नास वर्षं देत होती.

"आता तिचंही बळ कमी पडतंय," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "शस्त्रक्रिया करून डावी वाहिनी मूळ जागेवरून सोडवायची आणि महारोहिणीला जोडायची. हे लवकर व्हायला हवं, काकू. अशी हृदयं कधीकधी काही न कळवता थांबतात. आज, उद्या, वर्षानं, कधी ते सांगता येत नाही."

काकूंनी पदर सावरला. "मला काही होत नाही. चित्र तुमचं छान आहे. पण मला काही होत नाही."

"काका म्हणतात, होतं."

"हे?" काकू उठल्याच. "हे सव्वीस वर्षं खोटं बोलले. यांच्या शब्दावर मी छाती उघडून घेऊ?"

घरी आल्यावर काकू काकांशी कामापुरतंच बोलू लागल्या. आणि घडी घालायला काकांच्या समोर उभं राहणं त्यांनी बंद केलं. "तुम्ही मशीन बघा. मी आणि मावशी घालू." त्या मावशींबरोबर न थांबता नऊ चादरी घालायच्या, दहा घालायच्या. काका मशीनच्या काचेत त्यांचं प्रतिबिंब बघत उभे. ओठ पांढरे पडत आणि काकांच्या तोंडातून शब्द फुटत नसे. कुठल्या तोंडानं सांगणार? शेवटी मावशीच चादर खाली ठेवून म्हणायच्या, "वहिनी, तुमचं ठीक आहे हो. मला तरी दमू द्या."

काका मशीनच्या घरघरीत देवाशी बोलायचे. 'देवा, तिला माझा जन्मभर राग येऊ दे. बोलली नाही तरी चालेल. पण शस्त्रक्रियेच्या कागदावर तिची सही होऊ दे.' रोज सकाळी काकूंच्या श्वासाचा आवाज कानावर पडेपर्यंत ते डोळे उघडत नसत.

आठवड्यानं ते एकटेच डॉक्टरीणबाईंकडे गेले. त्या म्हणाल्या, "तुम्ही सांगून उपयोग नाही, मी सांगून नाही. त्यांचं त्यांना कळायला हवं. चालण्याची एक चाचणी असते. सहा मिनिटं, आपल्या चालीनं, सिस्टर शेजारी असते. घेऊन या."

काकू लगेच तयार झाल्या. "चला. एकदा तुम्हा सगळ्यांची तोंडं बंद होऊ देत."

दवाखान्यातला एक लांब बोळ. दोन टोकांना दोन नारिंगी शंकू ठेवलेले. या शंकूपासून त्या शंकूपर्यंत जायचं, वळायचं, परत यायचं. सिस्टरनं काकूंच्या बोटाला ऑक्सिजन मोजायचा चिमटा लावला आणि घड्याळ सुरू केलं. काका सवयीनं काकूंच्या शेजारून चालू लागले.

दीड मिनिट झालं आणि काका कळवळले, "आई गं."

"काका, परीक्षा तुमची नाहीये," सिस्टर म्हणाली. "बाजूला व्हा."

पुन्हा पहिल्यापासून. या वेळी काका चार पावलं मागं होते. पण मधेच वाकले आणि काकू आपोआप थांबल्या.

"आता काय झालं?"

"नाडी सुटली."

सिस्टरनं खाली पाहिलं. "काका, तुमच्या पायात चपला आहेत. चपलेला नाडी कुठली आली?"

काकूंनीही खाली पाहिलं. मग वर, काकांच्या तोंडाकडे. "सव्वीस वर्षं हेच चाललंय?" त्यांनी हळूच विचारलं. त्या विचारण्यात राग नव्हता. नुसतंच नवल होतं.

"बाहेर," सिस्टर म्हणाली. "दाराबाहेर बाक आहे. हाक मारल्याशिवाय आत यायचं नाही."

काका बाहेर बसले. काकूंना पाणी दिलं, पंधरा मिनिटं विसावा दिला आणि पुन्हा सुरू. दाराच्या फटीतून पावलं ऐकू येत होती. ही पावलं काकांना पाठ होती. पहिली फेरी, वळण. दुसरी फेरी, वळण. तिसरीला उजवं पाऊल किंचित घासलं. इथे, अगदी इथे त्यांना एरवी मांजर दिसली असती. काकांचा पाय आपोआप उचलला गेला. त्यांनी दोन्ही हातांनी बाक घट्ट धरला. आयुष्यभर तिच्या आधी बसलेल्या त्या माणसाला आज नुसतं बसून राहायचं होतं, आणि याहून अवघड काम त्यांना कुणी कधी सांगितलं नव्हतं. चौथी फेरी. पावलं जड झाली. पाचवी अर्धीच झाली आणि पावलं थांबली.

काका उठले नाहीत. कपाळावर घाम आला, पण उठले नाहीत.

आतून सिस्टरचा आवाज आला, "बसा, बसा खुर्चीत. काय होतंय?"

"काही नाही. नेहमीचंच." काकू मोठ्या कष्टानं बोलत होत्या. "इथे... पट्टा आवळल्यासारखं. हाताला मुंग्या. डोळ्यांपुढे काळं. दमल्यावर होतं तसं."

"दर वेळी होतं असं?"

"म्हणजे काय? दमणं म्हणजे हेच ना?" जरा वेळानं पुन्हा काकूंचा आवाज, "तुम्हाला काय होतं मग?"

"मला धाप लागते, काकू. घाम येतो. बसून चहा प्यावासा वाटतो. पण आवळत नाही काही."

"कधीच नाही?"

"कधीच नाही."

"लहानपणी पळताना?"

"नाही हो."

बाहेर काकांचा हात दाराकडे गेला आणि परत बाकावर आला. मग काकू बोलल्या, स्वतःशीच बोलल्यासारख्या. "मला वाटायचं, सगळ्या मुलींना हे असंच होतं. छाती आवळते, डोळ्यांपुढे काळं येतं आणि त्या तशाच सोसून पळतात. मलाच सोसवत नाही. म्हणून मी आळशी." आणि मग मोठ्यानं, "अहो! आत या!"

काका आत गेले. काकू खुर्चीत बसल्या होत्या, बोटाला तो चिमटा तसाच. गालांवरून पाणी वाहत होतं आणि तोंड मात्र हसत होतं.

"मी आळशी नव्हते हो."

"मला माहीत होतं."

"तुम्हाला माहीत होतं! आणि मला सांगितलं नाहीत!"

"सांगितलं असतं तर तू तीन दिवस बोलली नसतीस."

"तीन दिवस काढले असतेत की!" काकूंचा आवाज चिरकला. "सव्वीस वर्षं गुडघा धरून बसलात. त्यापेक्षा तीन दिवस जड होते का?"

काका खुर्चीशेजारी जमिनीवरच बसले. तेवढ्यात डॉक्टरीणबाई आल्या, तेव्हा काकांनी त्यांनाच विचारलं, "डॉक्टर, मी तेव्हाच बोललो असतो तर हिचं आधीच कळलं असतं ना?"

"कदाचित," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "आणि तुम्ही यांना रोज बसवलं नसतंत, तर कदाचित आज आपण बोलत नसतो. दोन्ही खरं असू शकतं, काका. मला नाही सांगता येणार."

काकूंनी डोळे पुसले. "कागद आणा तुमचा. पण माझी एक अट आहे. ती यांच्यासाठी आहे. आजपासून जे दिसेल ते बोलायचं. मी रागावेन, तीन दिवस काय, महिनाभर बोलणार नाही. तरी बोलायचं."

"बरं."

"मग बोला. आत्ता काय दिसतंय?"

काकांनी बघितलं. "तू घाबरली आहेस. आणि पदरावर चहा सांडलाय."

"दोन्ही खरं," काकू म्हणाल्या आणि त्यांनी सही केली.

घरी पोचताच त्यांनी भावाला फोन केला. "दादा, ऐक. मी गोणी नव्हते. माझ्या हृदयाची नळी भलत्या जागी लागली होती, जन्मल्यापासून. डॉक्टरांनी चित्र काढून दिलंय." पलीकडे साठीचा तो भाऊ लहान मुलासारखा रडू लागला. काकूच त्याची समजूत घालत बसल्या, "अरे, मलाच कळलं नाही, तुला कुठून कळणार? ये भेटायला. आणि येताना रडत येऊ नकोस, इथे आधीच एक आहेत."

शस्त्रक्रियेला पाच तास लागले. लेक आली होती, दादा आला होता, मावशी लाँड्रीला कुलूप लावून आल्या होत्या. दुपारी सर्जन बाहेर आले, तोंडावरची पट्टी खाली ओढली आणि म्हणाले, "जोडली. नीट वाहतेय." काकांनी हात जोडले. सर्जनला जोडले की आणखी कुणाला, ते लेकीला नीट कळलं नाही.

तिसऱ्या महिन्यात डॉक्टरीणबाईंनी काकूंना रोज संध्याकाळी अर्धा तास चालायला सांगितलं. पहिल्या दिवशी दोघं फाटकातून बाहेर पडली आणि काकू बोलायला लागल्या. कोपऱ्यावरच्या घराचा पडदा कसा चुकीच्या पाण्यात धुतलाय, खेळाच्या बाई आता कुठे असतील, लेकीच्या घरातला तो पांढरा सोफा कुणाच्या डोक्यातून निघाला. काका ऐकत चालले होते. एक वाक्य संपलं की दुसरं, मध्ये श्वास घ्यायला थांबणं नाही, काही नाही. काका भांबावले.

"तू रस्त्यानं चालताना कधी बोलायची नाहीस," ते म्हणाले.

"बोलायला श्वास कुठे होता? चालू की बोलू? तुम्हाला काय वाटलं?"

"मला वाटलं, तुला गप्प चालायला आवडतं."

काकू रस्त्यातच थांबल्या. ज्या माणसानं आपला श्वास न् श्वास मोजला, त्याला एवढीशी गोष्ट कळली नव्हती! "मला? गप्प चालायला?" त्या इतक्या हसल्या की समोरून येणारा सायकलवाला वळून बघायला लागला. "अहो, सव्वीस वर्षांचं बोलायचं राहिलंय माझं. बरं, तर सोफ्याचं काय सांगत होते..."

आणि त्या पुढे निघाल्या. घराकडे वळायचा रस्ता केव्हाच मागं पडला होता. काकांना तो दिसला होता आणि अट मोडायची त्यांची मुळीच इच्छा नव्हती. पण सांगायला मध्ये जागाच मिळेना.